डीबी बदलण्याआधी भिंतीतली वायर मोजा

(वाचकांचे प्रश्न : घर आणि वीज)

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे घरातल्या डिस्ट्रिब्युशन बॉक्सविषयी, म्हणजे आपण बोलताना ज्याला सरळ ‘डीबी’ म्हणतो त्या पेटीविषयी आहेत. विषय एकच असल्याने उत्तरे एकत्र देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमची सहकारनगरातली इमारत १९८३ सालची आहे. मीटरनंतर लोखंडी मेन स्विच आणि लाकडी बोर्डावर चिनी मातीचे चार किटकॅट फ्यूज, एवढीच व्यवस्था आहे. आता दोन खोल्यांत एसी बसवायचे असल्याने फ्यूज काढून एमसीबीचा डीबी बसवावा असे ठरवले आहे. ओळखीच्या वायरमनच्या मते हे दोन तासांचे काम आहे. जुने काढायचे, नवे लावायचे. तेवढे पुरेसे आहे का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : पेटी भिंतीवर ठोकून वायरी जोडायला दोन तास पुरतात, हे आपल्या वायरमनचे म्हणणे खरे आहे. मात्र त्याआधी निदान अर्धा दिवस तपासणीला आणि नंतर दोन-तीन तास मोजणीला लागतात, आणि नेमके हेच तास हिशेबात धरले जात नाहीत, कारण त्या वेळात डोळ्यांना दिसेल असे नवे काहीच भिंतीवर चढत नाही. एमसीबी हा वायरचा राखणदार आहे. वायरमधून तिला झेपेल त्याहून जास्त करंट वाहू लागला की तो पडतो. ती वायर आतून कुजली आहे का, तिचे आवरण शाबूत आहे का, हे त्याला कळत नाही.

काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या घरात मी असाच एक बोर्ड उघडला होता. न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरींच्या, पितळी पट्टीवरचा एक स्क्रू नुसत्या बोटाने फिरत होता. त्याखालची वायर दोन इंचांपर्यंत तपकिरी पडली होती आणि ती जरा वाकवताच तिचे आवरण वाळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे तुटून माझ्या तळहातावर पडले. संध्याकाळी गीझर लावला की घरात मासळी तळल्यासारखा वास यायचा आणि तो समोरच्या बिऱ्हाडातून येतो अशी आमची कित्येक महिने ठाम समजूत होती. तापलेल्या बेकेलाइटला आणि प्लॅस्टिकला तसा वास येतो, हे विद्युत अभियंता असूनही मला नाकाने ओळखता आले नव्हते. त्या दिवशी फक्त फ्यूज काढून एमसीबी लावला असता, तर तोच स्क्रू नव्या, चकचकीत झाकणामागे तसाच सैल राहिला असता.

आपल्या इमारतीच्या काळातल्या वायरिंगमध्ये चार गोष्टी मुद्दाम पाहाव्या लागतात. पहिली वायरच्या धातूची. त्या काळात अॅल्युमिनियमची वायर सर्रास वापरली जात असे. अॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जाते, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि ते तांब्याशी थेट जोडले तर सांधा तापू लागतो. अशी वायर निघाली तर नव्या डीबीचा खर्च आधी वायरिंगकडे वळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी गोष्ट न्यूट्रलची. जुन्या लोखंडी मेन स्विचमध्ये फेज (म्हणजे करंट आणणारी जिवंत वायर) आणि न्यूट्रल या दोन्हींवर फ्यूज असत. न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला की दिवे बंद होतात, घरात वीज नाही असे वाटते, आणि फेज मात्र प्रत्येक होल्डरपर्यंत जिवंत उभा असतो. नव्या व्यवस्थेत न्यूट्रलवर सुटा फ्यूज मुळीच राहता कामा नये. तोडायचेच असेल तर फेज आणि न्यूट्रल एकाच दांड्याने, एकाच वेळी तुटले पाहिजेत. तिसरी गोष्ट उसन्या न्यूट्रलची: एका खोलीचा फेज एका फ्यूजवरून आणि न्यूट्रल शेजारच्या खोलीच्या सर्किटमधून घेतलेला असतो. फ्यूजच्या काळात त्याने काही बिघडलेले दिसत नसे, नव्या काळात दिसते. ते पुढच्या उत्तरात येईल. चौथी गोष्ट अर्थिंगची. दिव्यांच्या आणि पंख्यांच्या सर्किटमध्ये अर्थची वायर नेलेलीच नसते, आणि प्लगच्या तिसऱ्या भोकामागे कधीकधी काहीच जोडलेले नसते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी घरातल्या उपकरणांची यादी करून भार मोजावा. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला सुमारे ९ अँपिअर घेतो, दीड टनाचा एसी साधारण ७ ते ८, इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर पुन्हा ९. आपल्या दोन एसींमुळे बेरीज वीजबिलावर छापलेल्या मंजूर भाराच्या वर जात असेल, तर डीबी विकत घेण्याआधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा. त्यानंतर एकेक फ्यूज काढून कोणत्या खोलीतले काय बंद पडते ते कागदावर लिहावे आणि प्रत्येक वायरला, फेजला आणि तिच्या जोडीच्या न्यूट्रललाही, एकाच क्रमांकाची चिठ्ठी लावावी. जुना बोर्ड एकदा उतरवला की ही ओळख पुन्हा पटवणे फार कष्टाचे होते. मग मेन बंद करून प्रत्येक सर्किटवर ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र, लावावा. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्यात आणि अर्थमध्ये निदान १ मेगओम रोध मिळाला पाहिजे. धडधाकट वायरिंगमध्ये तो त्याच्या कित्येक पट मिळतो, आणि २ किंवा ३ मेगओमवर घुटमळणारे सर्किट नियमात बसत असले तरी मी ते संशयितांच्या यादीत टाकतो. मेगर लावण्यापूर्वी एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, राउटर, टीव्ही काढून ठेवावेत. ५०० व्होल्ट त्यांना सोसत नाहीत.

हे आकडे हातात आल्यावरच पेटीचा आकार ठरवावा. दिव्यांच्या दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरला ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, गीझरच्या अडीच एमएमला १६ चा, एसीला स्वतंत्र सर्किट आणि शक्यतो ४ एमएमची वायर, असा सर्वसाधारण मेळ असतो. दोन जागा रिकाम्या ठेवाव्यात. पुढे काय येईल सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट खास पुण्याची. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणारच आहे, तर तेवढ्यात डीबी बदलून घेऊ, असा विचार अनेक जण करतात. तो सोडून द्यावा. वीज ठरल्या वेळेआधी येऊ शकते, सोसायटीत कोणी जनरेटर सुरू करू शकतो, आणि काम संपल्यावरच्या निम्म्या चाचण्या चालू पुरवठ्यावरच होतात. चालू पुरवठ्याच्या दिवशी, उजेडात, आपल्या हातातला मेन बंद करून, त्यावर कुलूप किंवा निदान पाटी लावून आणि टेस्टरने खात्री करून काम करावे. तो टेस्टरही आधी जिवंत पॉइंटवर लावून पाहिलेला असावा. मीटरच्या सीलला कोणीही हात लावू नये. मेन स्विचमध्ये येणारी वायर मेन बंद केल्यावरही जिवंत असते, त्यामुळे मेन स्विचच बदलायचा असेल आणि मीटरजवळ पुरवठा तोडण्याची दुसरी सोय नसेल, तर महावितरणच्या शाखा कार्यालयाला कळवूनच ते काम हाती घ्यावे. मीटरमध्ये परस्पर हस्तक्षेप करणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३८ खाली गुन्हा आहे.

प्रश्न : गेल्या दिवाळीआधी नवा डीबी बसवला. त्यातला आरसीसीबी सारखा पडतो. कधी गीझर लावल्यावर, कधी काहीही न लावता. वायरमनने आता तो ‘डायरेक्ट’ करून दिला आहे, म्हणजे त्याला वगळून वायरी सरळ जोडल्या आहेत, आणि त्रास थांबला आहे. हे योग्य आहे का?
— एक वाचिका, कर्वेनगर

उत्तर : नाही. ज्याने डायरेक्ट केला त्यालाच बोलावून तो आजच पूर्ववत करून घ्यावा, आणि तोवर गीझर बंद ठेवावा.

आरसीसीबीचे काम समजले तर हा त्रास कुठून येतो तेही समजते. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. दोन्हींत फरक पडला म्हणजे काही करंट तिसऱ्याच वाटेने, उपकरणाच्या धातूतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालला आहे असा त्याचा अर्थ होतो आणि तो पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वापरतात. प्रत्यक्षात तो १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो, म्हणून घरातली नेहमीची गळती मिळून १० च्या आत असावी.

गीझरबरोबर पडतो तेव्हा बहुधा गीझरचे एलिमेंट दोषी असते. पुण्यात अनेक ठिकाणी बोअरचे जड पाणी गीझरमध्ये येते. एलिमेंटवर क्षार साचतात, तापून त्याचे कवच चिरते आणि पाणी आतल्या तारेपर्यंत पोचते. मेगर लावला की दहा मिनिटांत निकाल लागतो. काहीही न लावता पडतो तेव्हा मी प्रथम इन्व्हर्टरकडे जातो. इन्व्हर्टरसाठी फेज वेगळा काढलेला असतो, पण न्यूट्रल मात्र सगळ्या घराचा एकत्र बांधलेला असतो. मग आरसीसीबीतून गेलेला करंट त्याला वळसा घालून परत येतो, आणि गळती नसतानाही त्याला ती दिसते. आधीच्या उत्तरातला उसना न्यूट्रलही असाच छळतो. घरात दोन आरसीसीबी असतील आणि एकाखालच्या सर्किटने दुसऱ्याचा न्यूट्रल उसना घेतला असेल, तर एक दिवा लावला तरी दोन्ही पडू शकतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे न्यूट्रल वेगळे करणे. काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते टाळून ‘डायरेक्ट’चा शॉर्टकट घेतला जातो.

आपल्याकडे हे यंत्र एरवीपेक्षाही जास्त गरजेचे का आहे, ते एका साध्या हिशेबाने दाखवतो. समजा, आपल्या इमारतीचे अर्थिंग फक्त आवारातल्या खड्ड्यावर आहे आणि त्याचा रोध २० ओम आहे. गीझरचा फेज त्याच्या लोखंडी टाकीला चिकटला तर जास्तीत जास्त २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही आणि टाकी तशीच भारलेली राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र क्षणात पडेल. पुण्याच्या जमिनीखाली थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो, खड्डे उथळ राहतात आणि उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला की रोध चढतो. त्यामुळे अर्थिंगची मोजणी मे महिन्यात करावी. ऑगस्टमधल्या ओल्या खड्ड्याचा आकडा सुखद असतो, पण तो वर्षभर तसाच राहत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीने ठराव केला आहे की ज्यांनी डीबी बदलले त्यांनी ‘सर्टिफिकेट’ सादर करावे. आमच्या वायरमनने लेटरहेडवर ‘काम समाधानकारक केले आहे’ असे लिहून दिले. ते चालेल का? असे सर्टिफिकेट देण्याचा अधिकार कोणाला असतो?
— सोसायटीचे एक सभासद, औंध

उत्तर : केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू होत्या तशाच बदलण्यापलीकडचे कोणतेही विद्युत काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे असते. फ्यूजबोर्ड काढून डीबी बसवणे हे त्या सवलतीत बसत नाही. वायरमनकडे तारतंत्रीचा परवाना असेल तर तो हाताने काम करू शकतो, पण अहवालावर सही ठेकेदाराची आणि पर्यवेक्षकाचीच हवी.

‘समाधानकारक’ हा शब्द कोणाच्याही कामावर लिहिता येतो. टेस्ट रिपोर्टला आकडे लागतात. प्रत्येक सर्किटचा क्रमांक आणि त्यावर काय काय आहे, वायरचा आकार, एमसीबीचे रेटिंग आणि तो बी प्रकारचा आहे की सी (म्हणजे किती मोठ्या क्षणिक करंटला तो लगेच पडतो), मेगरचे वाचन, अर्थवायर अखंड असल्याचे मोजमाप, प्रत्येक प्लगवर फेज-न्यूट्रल योग्य बाजूला असल्याची नोंद, अर्थ फॉल्ट लूपचा (फेज अर्थला चिकटला तर करंट ज्या वाटेने फिरून परत जाईल त्या पूर्ण फेरीचा) रोध, आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला तो वेळ, इतके त्यात असले पाहिजे. आरसीसीबीची चाचणी तीन प्रकारे होते: १५ मिलिअँपिअरला तो पडता कामा नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि १५० ला ४० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे. खाली परवाना क्रमांक, तारीख आणि वापरलेल्या मीटरचा तपशील असावा.

अहवाल खरा आहे की टेबलाशी बसून भरलेला, हे ओळखायला फार शिक्षण लागत नाही. खऱ्या घरात बाथरूमचे सर्किट आणि हॉलचे सर्किट कधी सारखे वाचन देत नाहीत. बाराच्या बारा सर्किटांपुढे ‘१०० मेगओम’ आणि अर्थिंगपुढे ‘१ ओम’ लिहिलेले असेल, तर मेगर पिशवीतून बाहेर आलाच नव्हता असे समजावे. मी सोसायटीच्या जागी असतो, तर ठरावात एक वाक्य वाढवले असते: चाचणीच्या वेळी सभासद स्वतः हजर असावा आणि एका सर्किटचे वाचन त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे.

महावितरण असा अहवाल नवी जोडणी किंवा भारवाढ करताना मागते. भार तोच ठेवून नुसता डीबी बदलला तर तो सहसा कोणी मागत नाही, आणि म्हणूनच आपल्या सोसायटीचा ठराव मला योग्य वाटतो.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये रेडिंगला घर विकत घेत आहे. आधीच्या मालकाने २०१९ मध्ये ‘कन्झ्युमर युनिट’ बदलले आहे. त्याच्याकडे तपासणीचा एक अहवाल आहे, पण मुलीचा वकील वेगळेच प्रमाणपत्र मागतो आहे. दोन्हींत फरक काय?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : कन्झ्युमर युनिट म्हणजे आपला डीबीच. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरगुती विद्युतकाम इमारत नियमांच्या ‘पार्ट पी’ खाली येते, आणि ही पेटी बदलणे हे स्थानिक प्रशासनाला कळवावेच लागणारे काम आहे. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन असेल तर तो काम स्वतः प्रमाणित करतो, त्याच्या संस्थेमार्फत ३० दिवसांच्या आत प्रशासनाला कळवले जाते आणि मालकाला इमारत नियमपूर्तीचे प्रमाणपत्र मिळते. त्याखेरीज ‘इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट’ असते. त्यात रचना, उभारणी आणि चाचणी या तिन्हींच्या जबाबदारीच्या सह्या आणि चाचण्यांचा तक्ता असतो. वकील ही कागदपत्रे मागत असावा.

आधीच्या मालकाकडे जो आहे तो बहुधा ‘ईआयसीआर’ (इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन कंडिशन रिपोर्ट) असेल. तो त्या दिवशी वायरिंग कोणत्या अवस्थेत होते ते सांगतो. पेटी कोणी आणि कोणत्या नियमाने बसवली याची हमी त्यात नसते. मुलीने प्रथम तिथल्या प्रशासनाच्या नोंदीत हे काम आढळते का ते पाहायला सांगावे. नसेल तर मालकाला ‘रेग्युलरायझेशन’चा, म्हणजे झालेले काम मागाहून नियमित करून घेण्याचा, अर्ज करता येतो. घर पाहताना तिने दोन गोष्टी स्वतःही बघाव्यात. पेटी पोलादी आहे का, कारण जानेवारी २०१६ पासून घरातल्या पेट्यांचे कवच न जळणारे असावे लागते, आणि प्लॅस्टिकची दिसली तर २०१९ या तारखेविषयीच शंका घ्यावी. दुसरे, गॅसच्या आणि पाण्याच्या धातूच्या नळांना हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची जाड वायर क्लॅम्पने जोडलेली आहे का. ती सहसा १० एमएमची असते. पेटी बदलण्यापूर्वी तिथला इलेक्ट्रिशियन हीच वायर आधी पाहतो.

प्रश्न : तपकीर गल्लीत एकाच रेटिंगच्या एमसीबीच्या किमतींत खूप फरक दिसला. स्वस्तातला घ्यावा का? आणि गीझरचा १६ चा एमसीबी पडतो म्हणून ३२ चा बसवला तर चालेल का?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : किमतीपेक्षा छाप बघावा. आयएसआय चिन्ह, त्याखालचा परवाना क्रमांक आणि चौकटीत छापलेली तोडक्षमता, म्हणजे शॉर्टसर्किटच्या वेळी जास्तीत जास्त किती अँपिअर तो सुखरूप तोडू शकतो तो ६००० किंवा १०००० हा आकडा, स्पष्ट हवी. परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अॅपवर दुकानात उभ्या उभ्या पडताळता येतो. तसे करताना दुकानदाराचा चेहरा बदलला तर पुढच्या दुकानात जावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम नकार आहे. अडीच एमएमच्या वायरवर ३२ चा एमसीबी लावला की वायर आधी तापते आणि एमसीबी नंतर पडतो, किंवा पडतच नाही. २ किलोवॉटचा गीझर ९ अँपिअर घेतो, तेव्हा १६ चा एमसीबी पडण्याचे कारण एमसीबीच्या रेटिंगमध्ये नाही. त्याच्या खालचा स्क्रू सैल असेल, त्याच वायरवर दुसरे एखादे उपकरण असेल किंवा एलिमेंट शॉर्ट होत असेल. गीझर बंद करून, मेन काढून, पाच मिनिटांनी परवानाधारक माणसाकडून एमसीबीची खालची बाजू उघडून घ्यावी. प्लॅस्टिक पिवळे पडलेले दिसले तर तो एमसीबी आणि वायरचे ते टोक, दोन्ही कापून नवे करून घ्यावे.